जपानी पॉप आणि रॉक ऐकायला लागलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी गाणी ऐकणाऱ्या माणसाला हे प्रश्न हमखास विचारले जातात. उत्तरांत माझी आवडनिवड भरपूर आहे, कारण ती बाजूला ठेवून गाण्यांबद्दल लिहिणं मला जमत नाही. गाण्यांची आणि माणसांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू?

गायक-गीतकार योनेझु केन्शीचं 'लेमन'. २०१८ चं गाणं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांवरच्या एका टीव्ही मालिकेचं हे शीर्षकगीत. ते लिहीत असतानाच योनेझुचे आजोबा गेले आणि गाण्याचा सगळा रोखच बदलला. एक अक्षर कळलं नाही तरी कुणीतरी गेलंय हे कळतं. कडव्यांत मध्येच उचकीसारखा एक चमत्कारिक आवाज येतो. पहिल्यांदा तो खटकतो आणि चार वेळा ऐकलं की त्याच्याशिवाय गाणं अपुरं वाटतं.

त्यानंतर किंग नू या बँडचं 'हाकुजित्सु' (२०१९) आणि ऑफिशियल हिगे दंडिझमचं 'प्रिटेंडर' (२०१९) ऐका. या तिघांपैकी कुणी मनात राहिलं तर पुढचं सगळं आपोआप होतं. तिन्ही कोरडी गेली तर खाली 'मला पॉप नको, गिटार हवी' या प्रश्नापर्यंत उतरा, कदाचित तुमचं घर तिथे असेल.

मी ॲनिमे बघत नाही. तरी चालेल?

चालेल की. वरची तिन्ही गाणी ॲनिमेतली, म्हणजे जपानी कार्टून मालिका-सिनेमांतली, नाहीत. 'लेमन' आणि 'हाकुजित्सु' टीव्ही मालिकांची, 'प्रिटेंडर' एका सिनेमाचं. जपानमध्ये नवं गाणं बहुतेक वेळा कशाला तरी जोडूनच बाहेर पडतं. मालिका, सिनेमा, जाहिरात, काहीही. गायक फुजी काझेचं 'किरारी' होंडाच्या गाडीच्या जाहिरातीतून घरोघरी पोचलं. गायिका आदोचं 'शो' ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजच्या हॅलोविनसाठी केलेलं. ॲनिमे ही त्यातली एक वाट, फक्त परदेशी लोकांना ती सगळ्यात आधी दिसते.

मी ॲनिमेमुळेच इथे आले. शीर्षकगीतं आवडली. पुढे काय ऐकू?

माझं सगळ्यात कळकळीचं उत्तर या प्रश्नाला आहे: श्रेयनामावली वाचा. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, संयोजन कुणाचं. व्हिडिओखाली हे सगळं लिहिलेलं असतं. 'ॲनिमेची शंभर गाणी' छापाच्या याद्या ऐकत राहिलात तर वर्षभरानेही शंभर सुटी गाणीच हातात राहतील. नावांच्या मागे गेलात तर एक गाणं दुसऱ्याकडे नेतं.

उदाहरण घेऊ. 'चेनसॉ मॅन'चं शीर्षकगीत 'किक बॅक' (२०२२) ऐकलंत. गीत-संगीत योनेझु केन्शी, पण संयोजनात सोबतीला त्सुनेता दाइकी. हा कोण? किंग नूचा गिटारिस्ट आणि गीतकार, टोकियोच्या कलाविद्यापीठात चेलो शिकायला गेलेला. म्हणजे किंग नू ऐकायला हवं. तिथे उंच, रेशमी आवाजात गाणारा इगुची सातोरू भेटतो. तो त्सुनेताच्याच गावचा, नागानोतल्या इनाचा, आणि त्याच विद्यापीठात गाणं शिकलेला. पुन्हा 'किक बॅक'कडे या. त्यात एक ओळ मोर्निंग मुसुमे या मुलींच्या गटाच्या जुन्या गाण्यातून उचललेली आहे, आणि तसं श्रेयात नोंदवलंय. म्हणजे २००० च्या आसपासच्या आयडॉल पॉपचं दार उघडलं. आणि योनेझु स्वतः मुळात कुठला? इंटरनेटवर 'हाची' या टोपणनावाने, माणसाचा आवाज न वापरता गाणी टाकणारा पोरगा. एका गाण्यातून चार वाटा निघाल्या.

माणसाचा आवाज न वापरता म्हणजे?

व्होकलॉइड. यामाहाने बनवलेलं गाणारं सॉफ्टवेअर. सूर आणि अक्षरं भरायची, ते गातं. सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ ला त्यावर 'हात्सुने मिकू' नावाचा आवाज विकायला काढला. आवाज फुजिता साकी या अभिनेत्रीचा, आणि खोक्यावर निळसर हिरव्या लांब शेंड्यांची मुलगी. त्याच्या आदल्याच वर्षी निकोनिको हे व्हिडिओचं संकेतस्थळ सुरू झालं होतं. तिथे प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया चालू व्हिडिओवरून सरकत जातात. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि ज्यांच्याकडे ना बँड, ना गायिका, ना ओळखीपाळखी, अशी शेकडो मुलं आपापल्या खोलीत बसून गाणी करू लागली.

याचा परिणाम आजच्या जपानी पॉपच्या हाडांत आहे, असं मी ठामपणे म्हणेन. मिकूला श्वास घ्यावा लागत नाही. त्यामुळे तिच्यासाठी लिहिणाऱ्यांनी शब्द गच्च भरले, चाली खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत उड्या मारू लागल्या, वेग वाढला. मग ही अशक्य गाणी स्वतःच्या गळ्यातून गाऊन दाखवणारी मुलं आली. त्यांना 'उताइते' म्हणतात. त्यांच्यातलीच एक आदो. घरातल्या कपाटात बसून ती रेकॉर्डिंग करायची. १८ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तिचं 'उस्सेवा' आलं आणि शाळकरी पोरांपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळे ते ओरडू लागले. लिहिणारा स्युदो, तोही व्होकलॉइडवालाच. योआसोबी या जोडीतला आयासे व्होकलॉइडवाला. योरुशिका या जोडीतला नाबुना व्होकलॉइडवाला. योनेझुने २०१२ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात अल्बम काढला.

मिकूचा आवाज सुरुवातीला कानाला टोचतो, मान्य. हाचीचं 'मात्र्योश्का' (२०१० ) ऐकून मग 'किक बॅक' ऐका. तोच माणूस आहे हे ऐकूनच कळेल.

के-पॉप आणि जे-पॉप यांत फरक काय?

दोन्ही ऐकावं, भांडण लावू नये. 'जे-पॉप' हा शब्द १९८८ च्या सुमाराला टोकियोच्या जे-वेव्ह रेडिओ केंद्राने रुळवला. आज त्यात आयडॉल गट, एकट्याने खोलीत बसून गाणी करणारे आणि गिटारवाले बँड सगळेच येतात. मला जाणवणारा मोठा फरक असा की जपानी कलाकार बरीच वर्षं घरच्या श्रोत्यांसाठीच गात आले. अमेरिकेखालोखाल जगातली सर्वात मोठी संगीताची बाजारपेठ घरातच असेल तर बाहेर धावायची निकड कशाला? त्यामुळे बाहेरच्या कानाला सोपं जावं म्हणून चाल बदललेली, गाणं छाटलेलं, असं फारसं दिसत नाही. मला हे संगीत आवडण्याचं अर्धं कारण हेच.

गाणी इतकी गजबजलेली का वाटतात? एका गाण्यात तीन गाणी असल्यासारखं होतं.

रचना ओळखीची नाही म्हणून. आपल्या भावगीतात ध्रुवपद आधी येतं, मग अंतरा, मग पुन्हा ध्रुवपद. मुख्य गोष्ट पहिल्याच ओळीत हाती लागते. जपानी गाण्यात बहुधा आधी 'ए मेलो', मग वेगळ्या चालीचा 'बी मेलो', आणि तेव्हा कुठे 'साबी', म्हणजे गाण्याचं शिखर. बी मेलोचं कामच ताण वाढवण्याचं. पुढे कधीकधी एक नवाच भाग येतो, मग वाद्यं गळून पडतात आणि साबी अगदी हळू गायली जाते, आणि शेवटच्या साबीला सगळे सूर एक पायरी वर सरकतात. ॲनिमेच्या शीर्षकगीताला तर दीड मिनिटात हा सगळा प्रवास उरकावा लागतो.

त्यात स्वरसंगतीही, म्हणजे एकत्र वाजणारे सूरही, भरगच्च. स्वरसंगतींचा एक क्रम तिथे इतका वापरला जातो की त्याला 'राजमार्ग' असंच नाव पडलंय. दुसऱ्याला 'मारुनोउची' म्हणतात, गायिका शीना रिंगोच्या १९९९ मधल्या 'मारुनोउची सॅडिस्टिक' या गाण्यावरून. ऐकताना धड आनंदही नाही आणि दुःखही नाही, असं मधलंच काहीतरी वाटलं तर हेच क्रम वाजत असण्याची शक्यता दाट.

एखादं गाणं नीट उलगडून सांगाल?

योआसोबीचं 'योरु नि काकेरु' घ्या, २०१९ च्या अखेरचं. संगीत आयासेचं, गायिका इकुरा. या दोघांची अट अशी की प्रत्येक गाणं एखाद्या कथेवर बेतायचं. सोनी म्युझिकचं 'मोनोगातारी' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे हौशी लेखक कथा टाकतात. पहिलं गाणं तिथल्याच एका लघुकथेवर.

हे गाणं शब्दांकडे लक्ष न देता ऐकलंत तर पियानो टपटप उड्या मारतोय, ठेका पळतोय, इकुराचा आवाज काचेसारखा स्वच्छ. प्रेमात पडलेल्या कुणाची धावपळ वाटते. आता कथा वाचा. छतावर उभी असलेली मुलगी आहे, तिला मृत्यूची ओढ आहे, आणि तिला पुन्हा पुन्हा थांबवणारा मुलगा आहे. हळूहळू त्यालाच थकवा येतो. पुढे जे होतं ते चालीत कुठेही काळोखं होऊन येत नाही. उलट शेवटाकडे सूर आधी किंचित खाली उतरतात आणि मग एकदम वर झेपावतात. कथा माहीत नसताना ती झेप उल्हासाची वाटते. कथा कळल्यावर अंगावर काटा येतो. गाण्यातला एकही सूर बदललेला नसतो.

सीडी न काढताच हे गाणं २०२० च्या बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिलं आलं. सीडीवर जगणाऱ्या देशात ही मोठी उलथापालथ होती. याच जोडीचं 'आयडॉल' २०२३ मध्ये अमेरिका वगळता बाकी जगाच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. तो मान मिळवणारं ते पहिलं जपानी गाणं.

जपानी येत नाही. शब्दांचं काय करायचं?

पहिल्या ऐकण्यात काहीच करू नका. दुसऱ्या-तिसऱ्यांदा भाषांतर शेजारी ठेवा. गाणी कथेवर, मालिकेवर बेतलेली असतात, तेव्हा मूळ गोष्ट माहीत असली तर चाल वेगळी ऐकू येते, हे वर पाहिलंच.

उच्चारांत मराठी माणसाला फार अडचण येत नाही. जपानी अक्षरं आपल्या बाराखडीसारखी व्यंजन-स्वर जोडीने चालतात, त्यामुळे रोमन लिपीतल्या शब्दांवर अडखळण्यापेक्षा ते देवनागरीत लिहून काढा. गुणगुणायला फार सोपं जातं. पुण्यात जपानी शिकणारे कमी नाहीत, त्यांना गाण्याच्या ओळी समजावून सांगायला आवडतात असा माझा अनुभव आहे. शोधताना मात्र नाव जपानी लिपीतच चिकटवा, रोमन स्पेलिंगं दहा तऱ्हेची असतात.

मला पॉप नको, गिटार हवी.

मग एशियन कुंग-फू जनरेशनपासून सुरू करा. योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठात १९९६ मध्ये जमलेली चार मुलं. 'नारुतो' हे ॲनिमे पाहिलं असेल तर 'हारुका कानाता' कानात असेलच. पण माझा जीव त्यांच्या 'सर्फ बुंगाकु कामाकुरा' या अल्बमवर आहे. फुजिसावा ते कामाकुरा अशी समुद्राच्या कडेने जाणारी एनोदेन नावाची छोटी रेल्वे आहे. तिच्या स्थानकांवर एकेक गाणं. २००८ मध्ये दहाच स्थानकं झाली होती. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांनी उरलेल्या पाच स्थानकांची गाणी केली आणि लाइन पूर्ण केली. गाणी साधी, उन्हातली, घाईत वाजवल्यासारखी.

याच बँडच्या चौघांची आडनावं 'बोच्ची द रॉक' या ॲनिमेतल्या चार मुलींना दिलेली आहेत. त्या मुली जिथे वाजवतात ती जागा टोकियोच्या शिमोकिताझावातल्या 'शेल्टर' या खऱ्या लाइव्ह हाउसवरून घेतलेली. लाइव्ह हाउस म्हणजे बहुधा तळघरातली, बुटक्या छताची, दोन-अडीचशे माणसांत भरून जाणारी जागा. तिथे नवख्या बँडला ठरावीक तिकिटं स्वतः खपवावी लागतात. खपली नाहीत तर पैसे खिशातून भरायचे. ॲनिमेत ती तिकिटं खपवण्याची धडपड आहे. ती कल्पनेतली नाही, बहुतेक बँड त्यातून गेलेले असतात.

आणखी नावं: होक्काइदोचा साकानाक्शन, ज्यांच्यात रॉक आणि नाचाचं संगीत वेगळं काढताच येत नाही. हित्सुजिबुंगाकु, धुक्यातून आल्यासारखी गिटार. क्योतोच्या ओतोबोके बीवर, चार बाया, दीड-दोन मिनिटांची गाणी आणि कुणाची भीडभाड नाही. मोलकरणींचे पोशाख घालून जबरदस्त हार्ड रॉक वाजवणारा बँड-मेड. झुतोमायो तर एकदा तरी पाहाच. रंगमंचावर जुने टेप-रेकॉर्डर वाद्यांसारखे वाजवतात आणि प्रेक्षक भात वाढायचे डाव हातात घेऊन त्यांनी टाळ्या देतात.

चेहरा लपवणारे कलाकार इतके का?

आदो रंगमंचावर सावली होऊन उभी राहते. झुतोमायोची आकाने, योरुशिकाची सुइस, कुणाचाच चेहरा समोर येत नाही. निकोनिकोवर टोपणनाव आणि चित्र हाच रिवाज होता, तो पुढे चालत आला. मला यात ऐकणाऱ्याचा फायदा दिसतो. एप्रिल २०२४ मध्ये आदो टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर गायली, तिथे एकटीचा कार्यक्रम करणारी ती पहिली गायिका. हजारो लोक एका बाह्याकृतीकडे बघत होते आणि त्यांना काही कमी पडलं नाही.

फुजी काझेचा भारताशी काय संबंध?

बराच आहे. ओकायामा प्रांतातल्या सातोशो या लहान गावचा हा मुलगा. वडिलांचं कॉफीचं दुकान, पियानो त्यांनीच शिकवला, आणि बाराव्या-तेराव्या वर्षापासून घरातले व्हिडिओ यूट्यूबवर. २०२० च्या पहिल्या अल्बमचं नाव 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर', दुसऱ्याचं 'लव्ह ऑल सर्व्ह ऑल'. दोन्ही वचनं सत्य साईबाबांची. यावरून जपानमध्ये वादही झाला. 'ग्रेस'चा व्हिडिओ भारतात चित्रित झाला. २०२५ च्या अल्बमचं नाव 'प्रेमा'. मुंबईच्या लोलापलूझा इंडिया या संगीत महोत्सवाच्या २०२६ च्या कलाकारांतही त्याचं नाव जाहीर झालं.

पुणेकरांसाठी आणखी एक: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. काझेची 'शिनुनोगा ए-वा'सारखी गाणी तिथल्या पाण्याकाठी बसून ऐका. ही सूचना मी अगदी मनापासून करतेय.

त्याचं एक काही बघायचं असेल तर सप्टेंबर २०२१ चा निस्सान स्टेडियमचा कार्यक्रम बघा. महामारीचे दिवस, सत्तर हजारांचं स्टेडियम पूर्ण रिकामं, हिरवळीवर पियानो आणि तो एकटा. पाऊस पडतोय आणि तो वाजवत राहतो. साऱ्या जगाने ते यूट्यूबवर फुकट पाहिलं.

सिटी पॉप म्हणतात ते हेच का?

नाही, ते सत्तरीच्या अखेरचं आणि ऐंशीच्या दशकातलं. ताकेउची मारियाचं 'प्लास्टिक लव्ह' (१९८४) आणि मात्सुबारा मिकीचं 'मायोनाका नो डोआ' (१९७९) इंटरनेटमुळे जगभर पुन्हा ऐकलं गेलं. सुंदर आहे, जरूर ऐका, पण तिथेच थांबू नका. आज जिवंत असलेले, दर आठवड्याला नवं काही करणारे लोक तुमची वाट बघताहेत.

काही गाणी ॲपवर सापडतच नाहीत, असं का?

जपानमध्ये सीडीची सवय खोल आहे. स्पॉटिफाय तिथे २०१६ मध्ये पोचलं. योनेझुसारख्याची सगळी गाणी ॲपवर यायला ऑगस्ट २०२० उजाडला. यामाशिता तात्सुरोसारखे ज्येष्ठ तर त्याला ठाम नकार देतात. काही गाणी भारतापुरती बंद असतात. यूट्यूबवर कलाकाराचं अधिकृत चॅनल शोधा, बरंचसं मिळतं.

सीडी मागवू का? फार महाग आहेत.

महाग आहेत खऱ्या. तिथे सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानाला ती पाळावी लागते, कायद्याने तशी मुभा आहे. अल्बमला साधारण तीन हजार येन. टपालखर्च वेगळा. मी फक्त जीव जडलेला अल्बम मागवते, आणि तोही श्रेयनामावलीची पुस्तिका हातात यावी म्हणून.

जपानला जाणार आहे. कार्यक्रम कसा गाठू?

मोठ्या कलाकाराची तिकिटं सोडतीने निघतात, कित्येक महिने आधी. बऱ्याचदा जपानी फोन नंबर लागतो. चढ्या भावाने तिकीट विकण्यावर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्या फंदात पडू नका. काही तिकीटविक्री संस्था परदेशी लोकांसाठी वेगळी पानं ठेवतात, तिथे बघा.

याहून सोपं म्हणजे लाइव्ह हाउस. टोकियोत शिमोकिताझावा किंवा शिंजुकूला संध्याकाळी जा, दारावर तिकीट मिळायची शक्यता बरी असते. तिकिटाशिवाय पाच-सहाशे येन पेयाचे द्यावे लागतात, ते सक्तीचे असतात, वाद घालू नका. फोटो-व्हिडिओ काढू नका, कुणी परवानगी जाहीर केली तरच काढा. शांत गाण्याला लोक अगदी निःशब्द उभे असतात. कार्यक्रम आवडला नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

उन्हाळ्यात जाणार असाल तर नीगाताच्या नाएबा डोंगरातला फुजी रॉक. नाव फुजीचं, कारण १९९७ चा पहिला महोत्सव फुजीच्या पायथ्याशी झाला आणि वादळाने धुऊन नेला. १९९९ पासून तो नाएबात आहे. रेनकोट आणि गमबूट न्याच.

भारतात बसून हे प्रत्यक्ष ऐकायची सोय आहे का?

थिएटरमध्ये आहे. 'वेदरिंग विथ यू' हा ॲनिमे सिनेमा इथे प्रदर्शित व्हावा म्हणून भारतातल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तो आला. त्यातली रॅडविम्प्स या बँडची गाणी मोठ्या पडद्यासोबत ऐकणं हा वेगळाच अनुभव. २०२५ मध्ये 'डीमन स्लेअर'च्या 'इन्फिनिटी कॅसल' या सिनेमात एमेर आणि लिसा या गायिका अशाच ऐकायला मिळाल्या. शेवटची नामावली सुरू झाली की लोक उठतात. तुम्ही बसून राहा, पूर्ण गाणं तिथेच असतं.

याशिवाय दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने २०२५ मध्ये जपानच्या बेबीमेटल या गटासोबत 'बेखौफ' केलं. हिंदी, इंग्रजी, जपानी, तिन्ही भाषा एकाच मेटल गाण्यात.

रोज नवं शोधायला वेळ नाही. कमीत कमी काय करू?

दर वर्षी ३१ डिसेंबरला एनएचके या जपानी टीव्ही वाहिनीवर 'कोहाकु उता गास्सेन' हा १९५१ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम होतो. वर्षभरात गाजलेले बहुतेक जण त्या एका रात्रीत गातात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याची गाण्यांची यादी काढा, अनोळखी पाच नावं निवडा आणि प्रत्येकाचं गाजलेलं सोडून दुसरं एखादं गाणं ऐका. पाचांतलं एक जरी लागलं तरी त्याखालचं गीतकाराचं नाव टिपून ठेवा.